मनाचे दुखणे आणि घरची बोली

‘मला डिप्रेशन आले आहे’ असे सांगत दवाखान्यात येणारा पेशंट आपल्या जिल्ह्यात अजूनही थोडाच. बहुतेक जण येतात ते डोक्यात मुंग्या येतात म्हणून, हातापायांची आग होते म्हणून, छातीत धडधडते, पोटात गोळा फिरतो, अन्न गोड लागत नाही म्हणून. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सगळे तपासून होते. रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, ‘काही नाही, नाटकं आहेत.’ पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, एक सलाइन लावून द्या.’ आणि मूळ दुखणे आहे तिथेच राहते.

वाचकहो, यात नाटक नसते. माणूस दुःख सांगतो ते आपल्या घरात, आपल्या समाजात ज्या शब्दांना मान आहे त्या शब्दांत. मन दुखते असे म्हटले तर सासरी कोणी विचारत नाही. कंबर दुखते म्हटले तर निदान दवाखान्यात तरी नेतात. हे कोणी ठरवून करत नाही. शरीराला खरोखरच तसे होत असते. झोप उडाली, भूक गेली, स्नायू सतत ताणलेले राहिले, की आग आणि मुंग्या येणारच.

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घ्या. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ही तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाचा संबंध अधिक ठळक दिसला. याचा अर्थ तपासणी करू नये असा नाही, ती करावीच. पण गोळ्यांचा दुसरा, तिसरा कोर्स देण्याआधी ‘घरी कसे चालले आहे?’ हा प्रश्न विचारायला हवा. पुरुषांची अशीच तक्रार ‘धातू जाते’ ही. अशक्तपणा, उदासी, अपराधीपणा हे सगळे तरुण पोरगा त्या दोन शब्दांत गुंडाळून आणतो. भारतीय मानसोपचारातले नामवंत डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या प्रकाराकडे लक्ष वेधले. भिंतीभिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवणाऱ्यांना मात्र ते फार आधीपासून ठाऊक असावे!

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, ‘अति विचार करणे’. आपल्याकडची बाई ‘सारखे विचार येतात हो’ म्हणते, तेच ते. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात याच शब्दाला धरून उपचार सुरू केले. वस्तीतल्या चौदा आजीबाईंना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला. त्या बाकावर आजी आणि पेशंट शेजारी बसून अडचणींची यादी करतात, त्यातली एक निवडतात आणि तिच्यावर काय करता येईल ते ठरवतात. रोगाचे इंग्रजी नाव घ्यायची गरजच पडत नाही. या पद्धतीची रीतसर चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर, बाकावर बसलेल्या पेशंटांची प्रकृती नेहमीच्या उपचारांवरच्या पेशंटांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेली होती.

आता सायकोथेरपी, म्हणजे बोलण्यातून केला जाणारा मानसोपचार, याकडे वळू. आज ज्या पद्धती शिकवल्या जातात त्या बहुतेक व्हिएन्ना, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत घडल्या. तिथे पेशंट एकटा येतो, ठरल्या वेळी येतो, आणि आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घ्यायचे हे त्याने गृहीत धरलेले असते. आपल्याकडे पेशंटबरोबर नवरा, सासू, दीर आणि कडेवरचे मूल असे सगळे खोलीत येतात. निम्मे बोलणे तेच करतात. अशा ठिकाणी पुस्तकातला सल्ला, ‘स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडा, नाही म्हणायला शिका’, जसाच्या तसा दिला तर ती सून घरी जाऊन आणखी अडचणीत यायची. तिला आधी घरातले एक आपले माणूस शोधून द्यावे लागते. कधी ती नणंद असते, कधी चक्क सासरा.

नातेवाईक म्हणजे अडथळा असेही नव्हे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला जागा दिली आणि उपचारात सामील करून घेतले. पेशंट लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. ज्या काळात वेड्याला एकदा आत टाकले की विसरून जायचे अशी रीत होती, त्या काळातली ही गोष्ट.

दुसरा फरक सल्ल्याचा. पाश्चात्त्य पद्धतीत थेरपिस्ट शक्यतो सल्ला देत नाही, पेशंटला स्वतः उत्तर शोधू देतो. आपला पेशंट म्हणतो, ‘तुम्ही सांगाल ते करतो.’ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य नात्याचा मानसोपचारात कसा उपयोग होईल यावर लेख लिहिला होता. माझे मत असे, की सुरुवातीला वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द सांगायला हरकत नाही. गुरू मात्र कायमचे होऊन बसू नये. पेशंटने पुढे स्वतःच्या पायावर चालायचे आहे.

आणि ‘नशिबातच आहे’ हे वाक्य? नवशिक्या समुपदेशकाला ते चुकीचा विचार वाटते आणि तो खोडायला निघतो. घाई करू नये. माळकरी म्हातारा मुलगा गेल्यावर प्रारब्ध म्हणतो तेव्हा तो स्वतःला सावरत असतो. मार खाणारी बाई तेच म्हणते तेव्हा तिने दार लावून घेतलेले असते. ओळखायचे कसे? ‘मग आता पुढे काय करायचे म्हणता?’ असे विचारावे. पहिल्याकडे उत्तर असते.

भाषेचा प्रश्न याहून सोपा वाटतो, पण तो नाही. आपल्या राज्यात गोरमाटी बोलणारे तांडे आहेत, गोंडी, कोरकू, भिली बोलणारे पाडे आहेत, दखनी बोलणारे मोहल्ले आहेत. प्रमाण मराठीत ‘तुम्हाला उदास वाटते का?’ विचारले की समोरची बाई मान हलवते, हो की नाही ते कळत नाही. मग शाळेत जाणारी मुलगी दुभाषी होते. आता आईला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारायचे, तर ते बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून विचारायचे का? असे कधी करू नये. आशाताई, नर्स, अंगणवाडीसेविका, कोणीतरी जाणती बाई शोधावी. जात किंवा धर्म वेगळा असेल तर पेशंट अर्धे मनातच ठेवतो, हेही खरे. तिथे थेरपिस्टनेच ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात? कशामुळे झाले असे घरच्यांना वाटते?’ असे विचारले तर बोलणे मोकळे होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तकात अशाच सोळा प्रश्नांची मुलाखत घातली.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘बाहेरचे आहे’, ‘करणी आहे’ असे येते. देवस्थानाला जाण्याबद्दल डॉक्टरने खेकसू नये. तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिथे कोणाला बांधत नव्हते, मारत नव्हते. राहायला जागा आणि आपुलकी होती. काही आठवड्यांत त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच तमिळनाडूत, एरवाडी येथे, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. दोन्ही ठिकाणी श्रद्धा होती. फरक साखळीचा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. ‘आमच्यात असेच करतात’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

तसेच, कानात आवाज येणे, विनाकारण संशय, रात्र रात्र जागून बडबड यांसाठी औषधे लागतातच. देवाला जा, भजनाला बसा, पण गोळी चुकवू नका. या आजारांत नुसत्या बोलण्याने भागत नाही.

आणखी एक. आपल्याकडे कोणी ‘मी आत्महत्या करीन’ असे सहसा म्हणत नाही. ‘देवाने आता न्यावे’, ‘पोरांचे तुम्ही बघा’, ‘सगळ्यांची माझ्यापासून सुटका होईल’ असे म्हणतात. कानावर आले तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने ते डोक्यात भरते ही समजूत खोटी आहे. पिकावरचे औषध कुलपात ठेवा, त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

एरवीच्या उदासीसाठी मोठ्या शहरात जावे लागते असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. पेशंटने सोडून दिलेली कामे, गाठीभेटी, आवडीनिवडी हळूहळू पुन्हा सुरू करायच्या, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के पेशंट उदासीतून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ३९ टक्के. कोणाला संध्याकाळचा हरिपाठ पुन्हा धरायचा असतो, कोणाला विहारातली वंदना, कोणाला बचत गटाची बैठक. ते पेशंटने निवडायचे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीतूनही बोलता येते. जाताना रोगाचे नाव पाठ करून जाऊ नका. घरात जे शब्द वापरता तेच सांगा: धसका घेतला असेल तर धसका, जीव रमत नसेल तर जीव रमत नाही. बरोबर कोणाला आत न्यायचे आणि कोणाला बाहेर बसवायचे, हे आधी पेशंटला एकट्याला विचारून ठेवा.