लोणारच्या खाऱ्या पाण्यातील औषधशोध

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी असून सामू सुमारे १० आहे. सामान्य जिवाणू जेथे तग धरू शकत नाहीत, तेथे वाढणारे सूक्ष्मजीव काही निराळी रसायने निर्माण करतात. नव्या औषधांची आशा त्यांतच आहे.

सरोवराच्या गाळातील जिवाणू प्रयोगशाळेत अल्कधर्मी पोषक द्रव्यात वाढवितात. त्यांचा अर्क रोगजंतूंच्या थरावर ठेवला असता भोवती जंतूंची वाढ खुंटून स्वच्छ वर्तुळ दिसले, की पुढील संशोधन सुरू होते. मात्र वर्तुळ दिसणे म्हणजे औषध हाती येणे नव्हे. त्याची निर्धोकता पारखण्यात कित्येक वर्षे जातात.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. पिंपरीच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध मिळविले होते. आज अनेक रोगजंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या सरोवरात सांडपाणी मिसळू न देणे, हे आरोग्यरक्षणाचेही कार्य होय.