पैलतीरावरून पंढरपूर

सोलापूर शहराच्या पश्चिमेला सुमारे सत्तर किलोमीटरवर पंढरपूर आहे. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा नदी येथे अर्धचंद्रासारखे वळण घेते. म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. गाव नदीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. घाटांवर नेहमी भाविकांची वर्दळ असते. पैलतीर मात्र वारीचे दिवस सोडले तर बराच शांत असतो. संपूर्ण पंढरपूर एका छायाचित्रात घ्यायचे असेल, तर पैलतीरावर जावे.

तेथून सर्वांत खाली नदीचे पाणी दिसते. मग वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर, घाटांच्या दगडी पायऱ्या, जुने वाडे आणि वर देवळांची शिखरे दिसतात. इमारतींचे माथे आकाशाला भिडतात, तेथे एक उंचसखल रेघ तयार होते. प्रत्येक गावाची ही रेघ निराळी असते. एके काळी सोलापूर दुरून ओळखू येई ते कापड गिरण्यांच्या धुराड्यांवरून!

सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो. त्याचे कोवळे ऊन समोरच्या घाटांवर पडते आणि दगडांचे रंग खुलतात. संध्याकाळी सूर्य गावामागे मावळतो. तेव्हा शिखरे काळी व आकाश तांबूस दिसते. हिवाळ्यात वारा नसताना पाण्यात गावाचे प्रतिबिंब पडते. चित्र घेताना हात स्थिर ठेवावा आणि पाण्याची कड तिरपी होऊ देऊ नये. स्नान करणाऱ्यांची चित्रे त्यांना न विचारता घेऊ नयेत.

नदी शांत दिसली, तरी तिच्यावर विसंबू नये. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. उजनी धरणातून पाणी सोडल्यावर पातळी वाढते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. म्हणून पावसाळ्यात पात्रात उतरू नये आणि भिंतींच्या आडोशाला थांबू नये.

मुलांनो, एकाच जागेवरून दरवर्षी एक चित्र घेऊन त्यावर तारीख लिहून ठेवा. पाणी किती पायऱ्या चढले, कोणता वाडा पडला, कोणती इमारत उभी राहिली, हे पुढे त्यावरून सांगता येईल. अशी चित्रे म्हणजे गावाचा इतिहासच होय.

शब्दार्थ
पैलतीर – पलीकडचा किनारा
वर्दळ – ये-जा
वाळवंट – (येथे) नदीकाठची वाळूची जागा
धुराडे – धूर बाहेर जाण्याचा उंच मार्ग
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा का म्हणतात?
२. सकाळच्या व संध्याकाळच्या चित्रांत कोणता फरक दिसतो?
३. नदीकाठी कोणती काळजी घ्यावी?
४. किनारा, तारीख, इमारत हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.
५. तुमच्या गावाची आकाशाला भिडणारी रेघ कशी दिसते? पाच वाक्ये लिहा.