फळ्यावरचं कान्हा

बालाघाटात जन्मलो, बालाघाटातच सत्तावीस वर्षं भूगोल शिकवतोय आणि कान्हाचं मुक्की फाटक माझ्या दारापासून जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. तरीही गेल्या जानेवारीपर्यंत मी कान्हा पाहिलेलं नव्हतं. मग पुण्याहून धाकटी बहीण, जावईबापू आणि चौदा वर्षांचा भाचा आले. दरवर्षी ही मंडळी अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर जातात. वाळूत एटीव्ही पळवणं हा भाच्याच्या सुट्टीचा कळस. यंदा बहीण म्हणाली, ‘समुद्र पुरे झाला, दादाकडे जाऊ, तो जंगल दाखवेल.’ न पाहिलेलं जंगल दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. त्या एका सकाळच्या जिप्सीफेरीत मी काय शिकलो, म्हणजे खरं तर माझी कशी कशी जिरली, ते सांगतो.

१. दाराशी जे असतं, तिथे आपण सगळ्यात शेवटी पोचतो. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत त्याची निवड झाली, त्याचा पसारा मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत आहे. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरं उतरवून घेतात, पेपरात तेच लिहून मार्क मिळवतात. ‘सर, तुम्ही पाहिलंय?’ असं सत्तावीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही, म्हणून माझं निभावलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मला तर वाटतं, पिकतं तिथे कुणी चाखूनसुद्धा बघत नाही. ‘जाऊ की कधीतरी, इथेच तर आहे,’ या वाक्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

२. ‘आपण इथलेच’ हे ओळखपत्र कुठेच चालत नाही. जावईबापूंनी तीन महिने आधी पुण्यात बसून परवाना काढून ठेवला होता. मी मात्र शेवटपर्यंत म्हणत होतो, ‘कशाला एवढं? फाटकावर कुणीतरी ओळखीचं निघेल.’ पावसाळ्याचे जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल बंद असतं आणि बुधवारी दुपारची फेरी नसते, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. आदल्या रात्री बायकोसह आम्ही पाच जणांनी फाटकाजवळ मुक्काम केला. पहाटे रांगेत उभे राहिलो. सगळ्यांना ‘मूळ ओळखपत्र घ्या रे, झेरॉक्स चालत नाही’ असं बजावणारा मी, आणि खिशात झेरॉक्स निघाली ती माझ्याच. खोलीपर्यंत धावत जाऊन मूळ कार्ड आणलं. धापा टाकत परत आलो, तर भाचा म्हणाला, ‘मामा, तू तर इथलाच ना?’

३. थंडीला वयाचा मान कळत नाही. ‘तुम्हाला सोसणार नाही हो आमच्याकडची थंडी,’ असं मी पुणेकरांना ऐकवलं होतं. पण माझी थंडी गावातली, भिंतीआडची. उघड्या जिप्सीत, पहाटेच्या काळोखात, वाऱ्याकडे तोंड करून बसलं की थंडी निराळीच असते. आत मैदानांवरचं गवत दवानं पांढरं पडलेलं. चालकानं जाड कांबळी दिली, ती पहिल्यांदा ओढून घेतली मीच. मारुतीनं १९८५ साली बाजारात आणलेली ही जिप्सी सैन्यातही खूप वापरली गेली. तिच्या मागच्या उंच बाकावर बसल्यावर सैनिकांबद्दलचा माझा आदर दुणावला. उंचीमुळे सगळं छान दिसतं म्हणून ती जागा मीच हट्टानं घेतली होती. प्रत्येक खड्ड्याला मी हवेत आणि माझं हाडन् हाड स्वतंत्रपणे खाली.

४. कुठेही जाऊ शकणारी गाडी कुठेही न नेणं, हीच खरी चालकी. थोडं आत गेल्यावर भाच्यानं विचारलं, ‘ही फोर बाय फोर आहे ना? मग रस्ता सोडून का नाही जात?’ नागावला त्याला वाळूत हवी तशी वळणं घेता आली होती. इथे ठरलेली वाट सोडायची नाही, खाली उतरायचं नाही, काटा विसाच्या आसपास. त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात चालकानं गाडी थांबवून धुळीकडे बोट केलं. धुळीत पंजा उमटला होता, तोही आमच्या पुढे गेलेल्या जिप्सीच्या चाकाच्या नक्षीवर. गाइड म्हणाला, ‘चाकावर पंजा म्हणजे गाडीनंतर वाघ गेला. पंजावर चाक असतं, तर वाघ आधी.’ चालकानं गाडी अशी तिरकी काढली की पंजा तसाच राहिला. मागून येणाऱ्यांनाही वाचता यावा म्हणून. भाचा त्यानंतर रस्त्याबद्दल काही बोलला नाही. वाळूतल्या त्याच्या वळणांवर भरतीचं पाणी फिरलं की झालं. इथली धूळ म्हणजे सकाळचा पेपर होता, आणि दुसऱ्याचा वाचून व्हायच्या आत पेपर चुरगळायचा नसतो.

५. डोळे चष्म्यानं सुधारतात, नजर नाही. आमचा गाइड जवळच्याच गावचा, चाळिशीतला, मोजकं बोलणारा. धावत्या गाडीतून त्याला साल वृक्षाच्या ढोलीतलं घुबड दिसायचं, गवतात बसलेला कोल्हा दिसायचा. मला दुर्बिणीतून साल दिसायचा. एकदा तर मी ‘अस्वल!’ म्हणून ओरडलो. ते वारूळ होतं. गाइड हसला नाही, उलट म्हणाला, ‘होतं असं. अस्वल येतंच वाळवी खायला.’ माझी अब्रू राखणारं इतकं नेमकं वाक्य मला वर्गात कधी सुचलेलं नाही. पुढे त्यानं एका फांदीवर कसलासा पक्षी दाखवला. सगळ्यांना दिसला, मला नाही. पण सर म्हणून काही इभ्रत असते. मी दुर्बीण लावून ‘वा! काय रंग आहेत!’ म्हणालो. गाइड हळूच म्हणाला, ‘सर, वो तो उड़ गया.’

६. जो इतरांना गप्प बसवतो, त्याला स्वतःला गप्प बसता येतंच असं नाही. एका वळणावर चितळानं इशारा दिला. गाडी बंद. गाइडनं तोंडावर बोट ठेवलं. अधूनमधून तो कुजबुजत समजावायचा: चितळ बिबट्यालाही ओरडतो, कधी उगीचच बिचकतो, झाडावरचं वानर खोकलं तर लक्ष द्यायचं, कारण त्याला वरून दिसतं, पण सांबर ओरडला की मात्र समजायचं, तो सहसा फुकट घाबरत नाही. वीस मिनिटं आम्ही सांबराची वाट पाहत बसलो. पाचव्या मिनिटाला मला सालवनांबद्दल माहिती द्यावीशी वाटली. आठव्याला मैकल डोंगररांगेबद्दल. दहाव्या मिनिटाला मी तोंड उघडलंही, आणि चौदा वर्षांच्या भाच्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वर्गात मी रोज निदान दहा वेळा ‘शांत बसा’ म्हणतो. शांतता इतकी भरलेली असते, हे मला ठाऊकच नव्हतं. पानं गळताना ऐकू येत होती.

७. ज्याला बघायला जातो, तो नेहमीच कथेचा नायक नसतो. पुढच्या मैदानात बारशिंग्यांचा कळप चरत होता. आमच्या पुढच्या दोन जिप्सी न थांबता निघून गेल्या. त्यांना वाघ हवा होता. खरं सांगायचं तर मलाही हवा होता. थांबायला लावलं ते गाइडनं. दलदलीत राहणाऱ्या बारशिंग्यांचे खूर फाकलेले असतात. हा कठीण जमिनीवरचा, याचे खूर घट्ट. १९७० साली कान्हात असे फक्त ६६ उरले होते. सहासष्ट! माझ्या एका वर्गात याहून जास्त पोरं असतात. कुंपण घालून त्यांना वाढवलं, गवताळ रानं राखली, आज ते हजाराच्या घरात आहेत, आणि इथून काही सातपुड्यातही नेऊन सोडलेत. भाच्यानं एका नराच्या शिंगांची टोकं मोजली. बारा भरेनात. ‘नावाप्रमाणे नाहीये हा,’ तो म्हणाला. मी म्हटलं, कोण असतं बाबा.

८. मोकळी जागा दिसली की विचारावं, ही मोकळी कुणी केली? त्या मैदानाच्या काठावर उन्हं उतरली होती, गवत सोनेरी झालं होतं, आणि मी नकळत शिक्षकी आवाजात म्हणालो, ‘निसर्गाची किमया बघा!’ गाइडनं मैदानाच्या कडेची दोन झाडं दाखवली. ‘सर, ये आम कौन लगाता है जंगल में?’

मी गप्प. तिथे गाव होतं. कान्हातली बरीचशी मैदानं म्हणजे उठवलेली गावं आणि त्यांची शेतं; सौंफ, बिशनपुरा ही मैदानांची नावं मुळात गावांची नावं आहेत. १९७० च्या आगेमागे बैगा आणि गोंड माणसं तिथून बाहेर वसवली गेली. पिकाच्या जागी गवत आलं, आणि त्या गवतानं बारशिंगा तारला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोडली जात नाही. गाइडचे आजोबा अशाच एका गावचे. त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, अभिमानानंही नाही. आपण ‘आमचं जुनं घर त्या गल्लीत होतं’ म्हणतो ना, तसं सांगितलं. आणि मग म्हणाला, ‘चला सर, पुढे पाणवठा आहे.’ सकाळी फाटकावर ‘आपण इथलेच’ म्हणत मिरवणारा मी, त्याच्या शेजारी केवढा पाहुणा होतो!

९. एकच वाघ पाच जणांना पाच प्रकारे दिसतो. परतीच्या वाटेवर अचानक सात-आठ जिप्सी एकत्र आल्या. सांबर ओरडला होता. सालाच्या बुंध्यांमधून काहीतरी पिवळं सरकलं. जावईबापूंना शेपूट दिसलं. बहिणीला पट्टे दिसले. बायकोला म्हणे त्यानं वळून पाहिलं. भाच्याला पूर्ण वाघ दिसला आणि त्यानं फोटोही काढला. त्यात मुख्यत्वे माझी माकडटोपी आली आहे. कारण नेमक्या त्या क्षणी मी उठून उभा राहिलो होतो आणि टोपी माझ्या डोळ्यांवर घसरली होती. टोपी वर केली तेव्हा मला दिसला तो गाइड. तो वाघाकडे पाहतच नव्हता. हातानं गाड्या मागे घ्यायला सांगत होता, वाघाला ओलांडायला वाट राहावी म्हणून. आम्हा सगळ्यांना वाघ बघायचा होता. वाघाला फक्त पलीकडे जायचं होतं. ते एकट्या गाइडच्या ध्यानात होतं. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचा वाघ दोन-दोन फुटांनी वाढला. माझी टोपी आहे तेवढीच राहिली.

१०. आपलं शिकवणं कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही. परतताना बंजर नदीवर भाच्यानं विचारलं, ‘मामा, हे पाणी कुठे जातं?’ अखेर माझ्या विषयातला प्रश्न! बंजर मंडल्याला नर्मदेत जाते, नर्मदा अरबी समुद्रात. आणि आपण घाट उतरून बालाघाटात पोचलो की तिथली वैनगंगा पुढे गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. म्हणजे या दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर कुठेतरी पाणी मन बदलतं. इकडचा थेंब एका समुद्राला, तिकडचा दुसऱ्या. भाचा खूश झाला. ‘म्हणजे नागावचंच पाणी हे!’ म्हणाला. पाण्याचं गणित अगदी तसं नसतं, पण मी दुरुस्त केलं नाही. वीस मिनिटं गप्प बसायचा सराव झालाच होता.

सोमवारी नववीच्या वर्गात योगायोगानं राष्ट्रीय उद्यानंच होती. कान्हा, १९५५, १९७३, साल, वाघ, बारशिंगा. सवयीनं सगळं लिहून झालं. पोरांची मान खाली, पेनं चालू. मग मी खाली आणखी एक ओळ लिहिली: सौंफ, बिशनपुरा. एका पोरानं वर बघून विचारलं, ‘सर, ये इम्तिहान में आएगा क्या?’

‘नाही येणार,’ मी म्हटलं. पुसलं मात्र नाही.