मुलाखत झाली, जागाच गेली

जून-जुलै आला की छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलचे पालक मुलाला पुढे करून तेच विचारतात: "सर, मुलाखत छान झाली, 'कळवतो' म्हणाले, आणि आता जागाच रद्द झाली म्हणतात. याचं काय चुकलं?" बहुतेक वेळा त्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्याला बोलणं आधी बंद करा.

वाळूज एमआयडीसीतला छोटा व्हेंडर मोठ्या कंपनीच्या ऑर्डरच्या शेड्यूलवर जगतो. मुलाखतीच्या आठवड्यात तिन्ही शिफ्ट चालू असतात. महिन्याभरात शेड्यूल खाली येतं आणि मालक भरती थांबवतो. कधी राजीनामा दिलेला माणूस पगार वाढवून घेतो आणि राहतो. कधी दुसऱ्या प्लांटमधून कुणाची बदली होते. कधी तर जागेला वरून मंजुरी नसतानाच एचआर मुलाखती उरकून घेतं. याचा मला मनापासून संताप येतो, कारण भाडं मुलाच्या खिशातून जातं.

सरकारी नोकरीतही निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट केलं. मग खासगी कंपनीच्या तोंडी 'कळवतो'वर हातातली नोकरी सोडायला लावणारे आईवडील नेमका कशाचा भरवसा धरतात?

सध्या बिडकीनच्या टोयोटा कारखान्याची वाट पाहण्याचं वेड आहे. 31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने त्यासाठी राज्य सरकारशी सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. कारखाना यावाच. पण 'टोयोटात लागेल' म्हणून डिप्लोमा झालेल्या मुलाला घरी बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. व्हिडिओकॉनवर या शहराचा केवढा विश्वास होता. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

इंजिनीअरिंग, बँक, पोलीस भरती हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. अप्रेंटिसशिपचं नाव काढलं की मात्र तुमचे चेहरे पडतात. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे ही जागा साहेबाच्या मर्जीपेक्षा कायद्यावर जास्त उभी आहे. विद्यावेतन तुटपुंजं असतं, नंतर कायम करण्याचं बंधनही कंपनीवर नाही. तरीही वर्षभर सीएनसीवर हात बसलेला मुलगा पुढच्या मुलाखतीत काम दाखवू शकतो. मुलीला वाळूज लांब पडत असेल तर चिकलठाण्यात बघा, पण 'कंपनीत मुलगी कशी पाठवायची' हे मला ऐकवू नका.

आणि मुलांनो, मुलाखत संपताना तीन गोष्टी विचाराच: जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली, तिला मंजुरी मिळाली आहे का, आणि नियुक्तिपत्र किती दिवसांत मिळेल. वडिलांनी तेव्हा गेटवर थांबू नये, नंतर एचआरला फोनही करू नये.