वाड्याची डागडुजी : पैसा आधी कुठे घालावा?

वाईत रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ आणि जवळच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला लोक लांबून येतात. पण गावाला गावपण आहे ते आळीआळीतल्या बिननावाच्या वाड्यांमुळे. हे वाडे पाडले जातात ते बहुतेक वेळा ‘दुरुस्ती परवडत नाही’ एवढ्याच कारणावरून. कागदावर हिशेब मांडला, तर ती पुष्कळदा परवडते. खालचे दर ढोबळ आहेत; गाव आणि माल यांप्रमाणे ते बदलतील.

पहिला पैसा छपरावर घाला. कौलं उतरवून चाळणी करणं, फुटकी बदलणं, कुजलेल्या रिपा नव्या घालणं, पन्हळी साफ करणं हे काम मेअखेर व्हायलाच हवं. दर्शनी भिंतीचा रंग कितीही खुणावत असला, तरी वर गळत असताना खाली केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

मग लाकूड. तुळई बहुधा मधे धड असते आणि भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजते. टोच्या मारून पाहा, कुठवर मऊ लागतं ते कळतं. समजा तुळई १२ फूट लांब, ६ × ८ इंचांची आहे. म्हणजे ४ घनफूट. चांगलं सागवान घनफुटाला ३,००० ते ४,५०० रुपये धरलं, तर नुसतं लाकूड १२,००० ते १८,००० रुपयांचं. पण टोकाचा २ फुटांचाच भाग कुजला असेल, तर पाऊण घनफुटाहून कमी लाकडात काम भागतं: साधारण २,००० ते ३,००० रुपये. त्यावर टेकू आणि सुताराची दोन-तीन दिवसांची मजुरी, रोजी १,००० ते १,५०० रुपयांप्रमाणे. सांधा जमणारा सुतार शोधायला लागणारा वेळ हाच इथला खरा खर्च आहे, आणि तो जरूर करावा. ‘सगळंच बदलू’ म्हणणाऱ्याला आधी टोच्या मारायला सांगा.

गिलाव्याचा दर ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर ठरतो. चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा बराच महाग पडतो. कळीचा चुना भिजवून काही आठवडे मुरवावा लागतो आणि हात सराईत लागतो. तरीही माती-विटांच्या भिंतीवर सिमेंट लावू देऊ नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, गिलावा फुगतो आणि तीच ओल तुळयांच्या टोकांना लागते. पैसे कमी असतील तर निम्मीच भिंत करा, पण चुन्यात करा.

कागदपत्रांचं काम सुतार बोलावण्याआधी उरका. प्रॉपर्टी कार्डावर जितकी नावं, तितक्यांची लेखी संमती घ्या. अर्धी कामं भाऊबंदकीतच अडतात. नगरपरिषदेला कामाचं स्वरूप लेखी कळवून परवानगी लागते का ते विचारा. केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत वाडा असेल तर नवं बांधकाम निषिद्ध आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीसाठी कर्ज काढून स्वतः राहत असाल, तर जुन्या करपद्धतीत व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते. तेवढीच धरून हप्ता ठरवा.

अभियंत्याची फी एकूण खर्चाच्या टक्क्यावर नको, ठोक रकमेवर ठरवा, म्हणजे काम वाढवण्यात कुणाचा फायदा राहत नाही. ठेकेदाराचा दर जीएसटीसह की जीएसटी वगळून, हे कोटेशनवरच लिहून घ्या. भिंत उघडल्यावर काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून अंदाजाच्या २० ते २५ टक्के रक्कम हाताशी ठेवा. आणि शेवटचे १० टक्के काम संपल्याच्या दिवशी देऊ नका. एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, तुळयांच्या टोकांशी पुन्हा टोच्या मारून बघा, मगच द्या. ही अट करारात आधीच लिहिलेली असावी.