प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि नदीतला मासा

सांडपाणी प्रक्रिया केंद्राची आकृती फळ्यावर काढताना शेवटचा बाण नदीकडे नेऊन त्यावर ‘शुद्ध पाणी’ असे लिहिण्याचा आम्हा शिक्षकांचा प्रघात आहे. ते पाणी दिसायला नितळ असते, त्याला दुर्गंधी नसते आणि मासेही त्यात सहसा मरत नाहीत. परंतु मासा जिवंत असणे आणि तो निरोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधील रोच नावाच्या माशामुळे हे जगाच्या ध्यानी आले.

रोच हा आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातला, पण लहानसा मासा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उत्तरेस, ली नदीच्या परिसरातील सांडपाणी केंद्राच्या तळ्यांत असे काही रोच सापडले की ते नर की मादी हे ठरवणे कठीण झाले. पुढे ब्रुनेल विद्यापीठातील जॉन सम्प्टर आणि अन्य संशोधकांनी एक साधी पण नेमकी युक्ती योजली. ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून ते केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही आठवडे ठेवले. अंड्यातील बलक ज्यापासून बनतो ते व्हिटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात, इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने तयार होते. नराच्या रक्तात ते जवळजवळ नसते. या पाण्यात राहिलेल्या माशांत मात्र, नरांतसुद्धा, ते हजारो पटींनी वाढलेले आढळले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेन आणि एअर या नद्यांच्या काही भागांत पकडलेल्या प्रत्येक नर रोचमध्ये मादीची लक्षणे दिसली. कित्येकांच्या वृषणांत अंडपेशी होत्या.

हे संप्रेरक येते कोठून? बरेचसे आपल्याच शरीरातून, मूत्रावाटे. गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक त्यात भर घालते. पण सारा दोष गोळीवर ढकलणे अन्यायाचे होईल, कारण नैसर्गिक इस्ट्रोजेन प्रत्येक वस्तीच्या सांडपाण्यात असतेच. यातली खरी गंमत पुढे आहे. आपले यकृत संप्रेरकाला शर्करेसारख्या रेणूची जोड देऊन निष्क्रिय करते आणि मगच ते बाहेर टाकले जाते. गटारातील आणि केंद्रातील जिवाणू ती जोड तोडतात, आणि निष्क्रिय झालेले संप्रेरक पुन्हा कार्यक्षम होते.

त्याचे प्रमाण किती? एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. इतक्याने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कॅनडातील शास्त्रज्ञांनी ऑन्टॅरिओ प्रांतातील प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या एका सरोवरात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गोळीतील संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील अशा बेताने मिसळले. त्या सरोवरातील फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळजवळ नामशेष झाला. मोठे मासे मेले नाहीत. परंतु खाद्यच नाहीसे झाल्याने सरोवरातील ट्राउट मासेही खंगले. संप्रेरक मिसळणे थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो पुन्हा वाढले.

आपल्या महाराष्ट्रातही केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रत ठरवताना जैविक ऑक्सिजन मागणी, तरंगते घनकण, विष्ठेतील जिवाणू अशा गोष्टी मोजल्या जातात. त्या मोजल्याच पाहिजेत. प्रक्रियाच न झालेले सांडपाणी नदीत सोडले, तर पाण्यातील प्राणवायू संपून मासे गुदमरतात. त्यापुढे संप्रेरकाचा प्रश्न फार दूरचा. तथापि या मोजणीत संप्रेरकांना स्थान नाही.

उपाय नाही असेही नाही. कॅनडातीलच किचनर शहराच्या केंद्रात २०१२च्या सुमारास हवा मिसळण्याची व्यवस्था सुधारली आणि अमोनिया नाहीसा करणाऱ्या जिवाणूंना काम करण्यास पुरेसा अवसर मिळाला. सुधारणा मुख्यतः अमोनियासाठी होती; पण त्याच ओघात संप्रेरकेही अधिक प्रमाणात विघटित होऊ लागली. केंद्राच्या खालच्या बाजूस ग्रँड नदीतील रेनबो डार्टर माशांच्या नरांत पूर्वी काही ठिकाणी शेकडा ७० ते १०० जणांमध्ये अंडपेशी आढळत. तीन वर्षांत हे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली आले.