जुनी आवृत्ती विकता येते काय?

आमच्या कोंडाण्यात जून उजाडला की बारावी उत्तीर्ण झालेल्यांची पुस्तके निम्म्या किमतीत मागून येणाऱ्यांच्या हाती जातात. यात कुणाला काही वावगे वाटत नाही आणि कायद्यालाही वाटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ लेखकाला प्रती प्रसृत करण्याचा हक्क देते, परंतु आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळते. विकली गेलेली प्रत घेणाऱ्याची झाली.

याच हिशेबाने गावातल्या एका होतकरू तरुणाने मला एक प्रश्न केला. कर्जतच्या एका डीटीपीवाल्याने मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती घेतली असून जुनी सीडी व तिचे लॉक तो स्वस्तात देऊ करतो. ते घेऊन पत्रिका-अर्जांचे काम सुरू करावे काय? (लॉक म्हणजे संगणकाला खोचायची बोटभर डबी; तिच्यावाचून ते सॉफ्टवेअर चालत नाही.) डबी हाती आली म्हणजे मालकी आली, अशी त्याची सरळ समजूत.

वस्तुतः १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त गणला गेला. तेव्हा पुस्तकाचाच न्याय लागायला हवा. पण १९९४ साली कायद्याने प्रोग्रामची प्रत विकण्याचा हक्क, ती पूर्वी विकली गेलेली असली तरीही, हक्कधारकाकडेच ठेवला. १९९९ मध्ये 'पूर्वी विकली असली तरी' या अर्थाचे शब्द गाळले. मात्र चलनातील प्रतींची पुस्तकाला असलेली सूट तेथे घातली नाही. माझ्या मते हा अर्धवटपणाच आहे. त्यामुळे सारा भार परवान्याच्या करारावर पडतो, आणि तो करार कोण वाचतो!

जुन्या आवृत्तीचाच नेमका तंटा अमेरिकेत झाला. नकाशे काढण्याच्या 'ऑटोकॅड'ची चौदावी आवृत्ती एका वास्तुविशारदांच्या कचेरीत होती. नवा परवाना ३,७५० डॉलरचा, पण जुने गिऱ्हाईक म्हणून त्यांना पुढची आवृत्ती ४९५ डॉलरला मिळाली; अट एवढीच की जुनी नष्ट करावी. त्यांनी ती २००७ साली टिमथी व्हर्नर यांना विकली आणि व्हर्नर यांनी ती 'ईबे'वर विक्रीस काढली. २०१० साली अपील न्यायालयाने ठरवले की, ती कचेरी मुळात प्रतींची मालकच नव्हती, केवळ परवानाधारक होती. सबब पुढची विक्रीही ग्राह्य नाही.

मला स्वतःला मालकीच्या या शब्दच्छलापेक्षा त्या दोन किमतींतील फरक अधिक बोलका वाटतो. जुने भांडे मोडीत घालून नवे घेतल्यावर जुने पुन्हा बाजारात नेता येत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली 'यूज्डसॉफ्ट' प्रकरणात कायमच्या परवान्याची पुनर्विक्री मान्य केली खरी, पण विकणाऱ्याने आपल्याकडची प्रत निरुपयोगी केलीच पाहिजे, असे बजावले.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले की, आधी नवी आवृत्ती सवलतीत घेतली की पूर्ण किमतीत, हे विचार. सवलतीत असेल तर जुनीला हात लावू नये. पूर्ण किंमत मोजली असेल तर करारातले हस्तांतराचे कलम पाहावे व कंपनीकडून परवाना लेखी आपल्या नावावर करून घ्यावा. एवढी यातायात नको असेल तर 'लिबरऑफिस' आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फॉन्ट विनामूल्य आहे. अर्ज आणि साध्या पत्रिका त्यावर सहज होतात.